अकरा नंबरची विहीर

फोन आला तेव्हा मी नागपुरात सदरमध्ये चष्म्याच्या दुकानात होते. नवी फ्रेम नाकावर होती, काचा अजून बसायच्या होत्या, आणि समोरच्या आरशात माझाच चेहरा मला धड दिसत नव्हता. फोन प्रज्ञाचा होता, मेश्रामजींच्या मुलीचा. त्याआधीच्या दीड-दोन महिन्यांत मेश्रामजींच्या नंबरवरून तीन फोन आले होते आणि ते तिन्ही मी उचलले नव्हते. हा नंबर ओळखीचा वाटला नाही म्हणून उचलला. "मॅडम, बाबा गेले. सकाळी. झोपेतच." एवढंच म्हणाली. मी कधी, कसं, असं काहीबाही विचारलं असेल. पण आता लिहायला बसलेच आहे तर खरं तेच लिहिते, खोटं लिहून पुष्कळ झालं. ते शब्द ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. सुटले, असं वाटलं. आता विचारणारं कोणी उरलं नाही, असं वाटलं. क्षणभरच वाटलं... पण वाटलं. दुकानदार म्हणाला, मॅडम, काचा गुरुवारी मिळतील, आणि मी त्याला बरं म्हणून बाहेर आले.

देवाजी मेश्राम हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं कारण नाही. आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र विभागात ते अटेंडंट होते. दगडांचे नमुने पुसून कपाटात लावणं, प्रॅक्टिकलच्या दिवशी सूक्ष्मदर्शक मांडून ठेवणं, हे त्यांचं कागदावरचं काम. खरं काम दुसरंच होतं. शहराच्या दक्षिणेला, मनीषनगरपासून थेट हुडकेश्वरच्या पलीकडे, जिथं तेव्हा सगळी शेतंच होती, विभागानं चाळीसेक विहिरी नेमून ठेवल्या होत्या. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या शेवटी आणि दिवाळीनंतर, प्रत्येक विहिरीत पाणी किती खोल आहे ते मोजायचं. मी सव्वीस वर्षांची असताना नोकरीला लागले आणि हे काम माझ्याकडे आलं, म्हणजे माझ्या नावावर आलं. मोजायचे मेश्रामजी. एक पोलादी टेप, तिच्या टोकाला वजन. टेपच्या खालच्या हातभर भागाला ते फळ्यावरचा खडू घासायचे, टेप विहिरीत सोडायचे, ठरलेला आकडा काठाशी आला की थांबायचे आणि वर ओढायचे. खडू जिथपर्यंत ओला झाला तिथपर्यंत पाणी. मग साधी वजाबाकी. शर्टाच्या खिशात खडू कायम असायचा आणि कपड्यांबरोबर धुण्यात जायचा, म्हणून त्यांच्या बायको सुमनबाई करवादायच्या. "मास्तर तं नाई झाले, खडू मात्र खिशात," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या.

आणि त्यांची ती वही. लांबट, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. विहिरीचा नंबर, तारीख, आकडा आणि शेवटी शेरा. एखाद्या विहिरीचं मोजमाप झालं नाही तर तो रकाना ते कधी कोरा सोडत नसत. तिथं 'पाहिलं नाही' असं लिहायचे आणि शेऱ्यात कारण टाकायचे. 'फाटकाले कुलूप.' 'कुत्रं सोडलेलं.' 'घरी लगीन, विहिरीवर मांडव.' 'पोरीले ताप, मीच गेलो नाही.' मी हसायचे. अहो मेश्रामजी, ही शास्त्राची वही आहे, यात पोरीचा ताप कशाला? तर म्हणायचे, "उद्या कोनी पुसलं का ह्या दिवशी काहून नाई पायलं, तं सांगाले पायजे ना जी." कोण पुसणार आहे, असं मी म्हणायचे. ते पुढच्या रकान्याकडे वळलेले असायचे.

माझी पीएचडी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. सहा विहिरी मोजायच्या राहिल्या होत्या, मे महिना भाजून काढत होता, आणि मला दोन दिवसांत तक्ते द्यायचे होते. मी त्यांना म्हटलं, मागच्या दोन वर्षांचे आकडे बघा आणि मधला एखादा टाकून द्या, कोण बघायला येतंय. मेश्रामजींनी माझ्याकडे पाहिलं. "जे पायलं नाई ते कसं लिहू जी?" यात उपदेश नव्हता. दुकानदार म्हणतो ना, साखर संपली आहे तर साखर कशी देऊ, तशा साध्या सुरात. मला राग आला. अटेंडंटनं नाही म्हणावं याचा जास्त आला, हेही लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लुनावर पुढं आणि मी डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर मागं, अशा आम्ही सहाच्या सहा विहिरी केल्या. त्यातली एक मधल्या आकड्याच्या कितीतरी खाली निघाली. मालकानं नवी मोटार बसवली होती आणि दिवसभर पाणी उपसत होता. ते ना मला माहीत होतं, ना मागच्या दोन आकड्यांना. परतताना ठेल्यावर तर्री-पोहे खाल्ले, आणि मेश्रामजींनी "पायलं ना मॅडम?" असं एकदाही म्हटलं नाही. मीच आपली मान खाली घालून खात होते.

आणखी एका विहिरीचं सांगायला हवं. तेव्हा ती गोष्ट मला कळली नव्हती. कळली असेल तर मी ती कळून घेतली नाही. सुरुवातीच्या वर्षांतली. एका वाडीत आम्ही दोघं गेलो, मेश्रामजी खडू घासत होते, घरातली म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "आडनाव काय गा तुमचं?" त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमी नका टाकू. बाईले टाकू द्या." मला उशीर होत होता. मी त्यांच्या हातातून टेप घेतली, विहिरीत सोडली, आकडा वाचला. ते कुंपणापाशी उभे होते. मी वाचलेला आकडा त्यांनी वहीत लिहिला आणि शेऱ्यात लिहिलं, 'मॅडमनं पाहिलं. मले पाहू दिलं नाही.' पुढच्या खेपेला मी बरोबर नव्हते. तेव्हा आकड्याच्या जागी नुसतं 'पाहू दिलं नाही.' असं चार-पाच वर्षं चाललं. मग म्हातारी वारली, सुनेनं त्यांना बसायला खुर्ची दिली, आणि वहीत पुन्हा आकडे सुरू झाले. छप्पन साली मेश्रामजींचे वडील दीक्षेला गावाहून पायी नागपूरला आले होते. "आमच्या आजीले विहिरीजवळ उभं राहू देत नव्हते, अन् मी चाळीस विहिरीत टेप सोडून राहिलो," असं ते कधीतरी हसत म्हणायचे. मीही हसायचे. त्या वाडीत मी टेप का घेतली, हे मात्र ना त्यांनी कधी विचारलं, ना मी सांगितलं.

मग ते निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. मी दरवर्षी म्हणायचे, यंदा विद्यार्थ्यांना घेऊन विहिरींवर जाऊ, आणि जायचे नाही. मग करोनाची वर्षं आली, आणि न जायला चांगलं कारण मिळालं. इकडे मला प्रोफेसरपद खुणावत होतं. त्यासाठी बाहेरच्या एका मोठ्या नियतकालिकात शोधनिबंध हवा होता, आणि माझ्याकडे देण्याजोगं एकच होतं, ते म्हणजे चाळीस विहिरींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी. पण त्या सलग असतील तरच किंमत. माझ्या नोंदींना मधे भोकं होती आणि मेश्रामजी निवृत्त झाल्यापासून पुढं तर काहीच नव्हतं. त्याच सुमारास कॉलेजात एआयवर कार्यशाळा झाली. व्याख्यात्यानं दाखवलं की तुटक आकडे दिले तर हे यंत्र मधल्या जागा कशा भरून देतं. त्यात गैर काही नाही. अंदाजाला अंदाज म्हटलं तर शास्त्रात त्याला जागा आहे, आणि ते मी वर्गात शिकवत आले होते.

मी घरी बसून निळ्या वहीतले सगळे आकडे टाईप केले. 'पाहिलं नाही' आलं की जागा रिकामी सोडायची. 'पाहू दिलं नाही' आलं की जागा रिकामी सोडायची. शेरे टाईप करायचा प्रश्नच नव्हता. कुलूप, कुत्रं, मांडव, पोरीचा ताप, ती म्हातारी, सगळ्यांची मिळून सारखीच कोरी जागा झाली. यंत्राला सांगितलं, भर. त्यानं चहा उकळायच्या आत भरून दिली. मग म्हटलं, पुढची वर्षंही दे. तीही दिली. आकडे फार गुळगुळीत दिसत होते, म्हणून सांगितलं, जरा खरे वाटतील असे कर, आणि त्यानं थोडे वरखाली करून दिले, दशांशासकट. एवढं मात्र सांगते की खाली त्यानं स्वतःहून एक ओळ लिहिली होती. हे आकडे प्रत्यक्ष मोजलेले नाहीत, अंदाज आहेत, वापरताना तसं स्पष्ट नमूद करावं. ती ओळ मी खोडली. विद्यार्थ्यानं केलं, टायपिस्टनं केलं, असं म्हणायची सोय नाही. बोट माझं होतं. त्या म्हातारीच्या विहिरीवर सुद्धा आता पाच वर्षं सुरेख आकडे होते, जणू कोणी कोणाला कधी अडवलंच नव्हतं.

निबंध छापून आला. शाल-श्रीफळ झालं, प्रोफेसरपदही झालं. निबंधाच्या शेवटी आभारात मी एकच नाव घातलं होतं, देवाजी मेश्राम, 'अत्यंत काटेकोर क्षेत्रीय नोंदींसाठी.' ते करताना मला फार उदार वाटलं होतं. पेढे आणि छापील प्रत घेऊन मी हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेले. दारात टँकर उभा होता, सुमनबाई ड्रम भरत होत्या, गल्लीभर पाइप पसरलेले. प्रज्ञा तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. तिनं वडलांना त्यांचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि लाजले. मग म्हणाले, "आकडे दाखव वं." तिनं तक्ता उघडला. बोट एकेक ओळ खाली सरकत अकरावर थांबलं.

"अकरा नंबर कोनं पायली जी, मॅडम?"

मला पटकन आठवेनाच अकरा नंबर म्हणजे कुठली. त्यांनीच सांगितलं. त्यांच्या घरामागच्या लेआउटमधली. "ते तं बुजवली ना. फ्लॅट स्कीमवाल्यानं. मुरमाचे ट्रक खाली होऊन राहिले होते, मी अथी उभा होतो. तुमाले वहीत लिहून देल्लं होतं." मी म्हटलं, कॉम्प्युटर अंदाज काढतो मेश्रामजी, तुमच्याच जुन्या आकड्यांवरून. "मंग अंदाज म्हना. पायलं काहून लिहिलं?" ते पुन्हा तक्त्याकडे बघून म्हणाले, "अन् पानी वर आलं म्हनते हा कागद. दारात तं टँकर उभा आहे." मग आत वळून प्रज्ञाला म्हणाले, "ते वही काढ वं, कपाटातली." मला वाटलं, आता हे कुठलं तरी जुनं चिटोरं काढून माझ्याशी वाद घालणार. मी म्हटलं, "राहू द्या मेश्रामजी. हे आता वेगळं शास्त्र आहे, तुम्हाला नाही समजायचं." प्रज्ञाचा हात कपाटाच्या मुठीवर होता. तिनं वडलांकडे पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले. मग मला चहा घ्यायचा आग्रह केला, आणि मी तो घेतलाही.

पुढं सहा-सात महिन्यांनी व्हायचं ते झालं. दूरच्या कुठल्या तरी वाचकानं नियतकालिकाला लिहिलं की उपग्रहाच्या चित्रात अकरा नंबरच्या विहिरीच्या जागी पाच मजली इमारत दिसते आहे, तिथं हे पाणी कुणी मोजलं? संपादकांनी माझ्याकडे खुलासा मागितला. मी दोन दिवस विचार केला. मला तेव्हा कबूल करता आलं असतं. नाचक्की झाली असती, पण करता आलं असतं. मी लिहिलं, 'विहीर ओळखण्यात क्षेत्रीय कर्मचाऱ्याकडून चूक झाली असून ते आता निवृत्त आहेत.' निवृत्त आहेत हे मी का लिहिलं असेन? त्यांना कोणी विचारायला जाऊ नये म्हणून. निबंधाच्या वर चौकटीत ही दुरुस्ती छापली गेली. खाली आभारात नाव एकच होतं. प्रज्ञानं एक दिवस वर्गातल्या मुलांना आपल्या बाबांचं नाव दाखवायला फोनवर तो निबंध उघडला, आणि मुलांनी आधी चौकट वाचली.

तिसऱ्या दिवशी मेश्रामजी कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडी पिशवी. जिना चढून दम लागला होता. पाणी दिलं तर म्हणाले, मंग पितो. "जुनी वही पायाची होती जी, निळी." मी कपाटातून काढून दिली. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, अकराचं पान काढलं. शेवटची ओळ त्यांच्या अक्षरात होती. 'विहीर बुजवली. यापुढं पाहता येत नाही.' त्यांनी ती माझ्याकडे वळवली.

"मी बरोबर लिहिलं होतं ना जी?"

"हो," मी म्हटलं.

"मले वाटलं, म्हातारपनी आपल्याकडूनच चुकलं का काय. दोन दिवस तेच डोक्यात." मग ते पाणी प्यायले. मी आता ओरडा खायला तयार होते, खरं तर मला तो हवा होता. ते म्हणाले, "तेवढं तिथं लिहून द्या मॅडम, का मेश्रामनं बरोबर लिहिलं होतं. बाकी तुमचं तुमी पाहून घ्या. पोरीच्या शाळेतले पोरं वाचतात जी ते." मी म्हटलं, "लिहिते." ते उठले, पिशवी पुन्हा काखेत घेतली. ती त्यांनी उघडलीच नव्हती, आणि काय आणलंय असं मी विचारलं नव्हतं. दारापर्यंत पोचवायलाही मी गेले नाही.

लिहिते म्हटलं आणि लिहिलं नाही. माझ्या निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. एकदा सन्मानानं बाहेर पडू, मग लिहू, असं ठरवलं. मनातल्या मनात ते पत्र मी इतक्यांदा लिहिलं की कधीकधी ते पाठवून झाल्यासारखंच वाटायचं. मेश्रामजींचा पहिला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. दुसरा आला तेव्हा घरी होते, भाजी निवडत. फोन वाजून वाजून थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले. तिसऱ्या वेळी आवाजच बंद करून ठेवला. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच. चौथा फोन प्रज्ञाचा, तो सदरमध्ये आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. घरासमोर मांडव, पांढरे कपडे, फोटोसमोर मेणबत्त्या. सगळ्यांबरोबर मी उभी राहिले. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं, भन्ते एकेक शील म्हणत होते आणि सगळा मांडव मागून म्हणत होता. इतक्या वर्षांत त्यांच्या घरच्या कार्यक्रमांना जाऊन जाऊन मलाही ते पाठ झालं आहे. तीन शीलं मी म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं माझा आवाज निघेना. बाजूची बाई मला रडू आलं समजून माझी पाठ थोपटत होती. मला शरमेनं मेल्यासारखं झालं होतं.

माणसं पांगल्यावर सुमनबाई म्हणाल्या, "रोज पुसत होते मॅडम, पोरीच्या फोनमंधी तुमचं पत्र आलं का म्हनून." त्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. त्यांनी मला चहा दिला. भिंतीला खिळ्यावर ती पोलादी टेप टांगलेली होती; विभागानं जुनी म्हणून काढून टाकली तेव्हा मेश्रामजी ती मागून घरी घेऊन गेले होते. टोकाशी पांढरा खडू तसाच होता. मला वाटलं होतं, आठवण म्हणून नेली असेल. प्रज्ञा आत गेली आणि कपाटातून शाळेची शंभर पानी वही घेऊन आली. "बाबांनी तुमच्यासाठी ठेवली होती. तुम्ही पेढे घेऊन आलात तेव्हा हीच काढायला सांगत होते. कॉलेजातही घेऊन आले होते... तुम्ही विचारलं नाही, म्हणून परत आणली."

मी वही उघडली. निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा. नंबर, तारीख, आकडा, शेरा. मग दिवाळीनंतरचे आकडे. मग पुढचा उन्हाळा. लुनावर जमतील तेवढ्या बारा-तेरा विहिरी ते दर वर्षी दोनदा मोजत राहिले होते. कोणी सांगितलं नव्हतं. 'पोलिसानं अडवलं. पाहिलं नाही.' ते करोनाचं वर्ष. 'दम लागला, अर्ध्यातून परतलो. पाहिलं नाही.' आणि अकरा नंबरसमोर प्रत्येक वेळी, न कंटाळता, 'बुजवली.' जी वर्षं मी यंत्राकडून बनवून घेतली ती सगळी इथं होती, हुडकेश्वरला, एका कपाटात. मी फक्त विचारायचं होतं. मेश्रामजी, तुमच्याकडे काही आहे का, इतकंच. पाणी दर वर्षी खाली गेलं होतं. माझ्या निबंधात ते वर येत होतं.

शेवटचं पान वेगळं होतं. पट्टीनं आखलेले तेच चार रकाने, पण विहिरीच्या नंबराच्या जागी लिहिलं होतं, 'मॅडमचं पत्र.' खाली एकाखाली एक तारखा, आठवड्याला एक. प्रत्येकीसमोर 'पाहिलं नाही.' शेऱ्याचा रकाना मात्र सगळीकडे रिकामा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कारण लिहिलं नव्हतं. कारण त्यांना माहीत नव्हतं, की लिहावंसं वाटलं नाही, हे आता मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. चार महिने मनात घोळलेलं पत्र अर्ध्या तासात लिहून झालं. आकडे मोजलेले नव्हते, यंत्राकडून करून घेतले, ते मी लपवलं, चूक झाकायला दुसऱ्याचं नाव पुढं केलं, निबंध मागे घेत आहे. आणि शेवटी, देवाजी मेश्राम यांनी बरोबर लिहिलं होतं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, रिटायरमेंट तोंडावर आहे, काहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन राहिल्या? आता तर तो माणूसही नाही." म्हणूनच, असं मी म्हणाले नाही, म्हणायला हवं होतं. चौकशी समिती बसली आहे. जे व्हायचं ते होईल, आणि ते माझ्या दृष्टीनं कमीच असेल. कारण ज्याला सांगायचं होतं तो माणूस जिवंत असताना मला अर्धा तास सापडला नाही.

परवा रविवारी छापून आलेलं पत्र घेऊन हुडकेश्वरला गेले. प्रज्ञानं ते आईला वाचून दाखवलं, मग फोटोकडे तोंड करून पुन्हा एकदा वाचलं. माझ्याशी ती अजून नीट बोलत नाही, आणि का बोलावं? सुमनबाईंनी कपाटातून वही आणली, शेवटचं पान काढलं, माझ्या हातात पेन दिलं. "लिहा ना जी आता, आलं म्हनून. तेवढा रकाना राह्यला." खरंच, तारखांच्या खाली त्यांनी आखून ठेवलेली एक ओळ रिकामी होती, पुढच्या आठवड्याची. मी पेन टेकवलं. आलं, असं लिहिणं फार सोपं होतं, आणि त्या माउलीला बरंही वाटलं असतं. पण ती वही त्यांची होती, आणि त्यांनी ते पत्र पाहिलेलं नव्हतं. मी तारीख टाकली. पुढं लिहिलं, 'पाहिलं नाही.' मग शेऱ्याच्या रकान्यात, उद्या कोणी पुसलं तर सांगता यायला हवं म्हणून, कारण लिहिलं, 'मॅडमनं उशीर केला.'